‘ॲसिडिटीच असेल!’

तुमच्या ऑफिसमधल्या कुणाच्याही टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडा. जुना चार्जर, टोमॅटो सॉसची दोन पाकिटं आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली स्ट्रिप. हमखास! नाइट शिफ्ट, वडापाव, दिवसाला सहा कटिंग... आपल्या पिढीने ॲसिडिटीला चक्क फॅमिली मेंबर करून घेतलंय. त्यामुळे गावाहून ‘पोटात जळजळतंय’ असा फोन आला की आपलं उत्तर तयार असतं. ‘ॲसिडिटीच असेल. सकाळी उपाशीपोटी ती गोळी घे.’

माझ्या आत्याला हेच सांगितलं गेलं. मेडिकलवाल्याने सांगितलं, शेजारणीने सांगितलं, डॉक्टरांनीही सांगितलं. आणि तिच्या बाबतीत तर ‘ॲसिडिटीच असेल’ म्हणायला भरभक्कम कारण होतं. तिला आधीपासून एक आजार होता आणि त्या आजाराचं औषध पोटाला बाधतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आजाराचं नाव सार्कॉयडोसिस. आत्याच्या तोंडी ते ‘सरकाडी’ झालं आणि पुढे घरात आम्ही सगळेच सरकाडी म्हणायला लागलो. आत्या राहते शहापूर तालुक्यात, किन्हवलीकडच्या एका गावात. भाताची थोडी शेती, दोन म्हशी. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला. २०१८ साली तिला खोकला सुरू झाला. कोरडा, न थांबणारा. चुलीपुढून विहिरीपर्यंत गेली तरी धाप लागायची. छातीचा फोटो काढला, तर दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी गाठी सुजलेल्या. थुंकीत जंतू सापडला नाही, तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या.

यात कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. जगातल्या दर चार टीबी पेशंटांपैकी साधारण एक भारतात आहे. इथे छातीत गाठी दिसल्या की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव टीबीचंच येणार. सार्कॉयडोसिसमध्येही टीबीसारखेच पेशींचे बारीक पुंजके तयार होतात. त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. टीबीच्या पुंजक्याच्या मध्यभागी बहुतेक वेळा पनीरासारखा मऊ कुजका भाग असतो, सार्कॉयडमध्ये तो नसतो. फरक एवढाच, आणि तोही मायक्रोस्कोपखालीच दिसणारा. शिवाय घोळ असा, की सार्कॉयडवरचं मुख्य औषध स्टेरॉइड. ते चुकून टीबीच्या पेशंटला नुसतंच दिलं तर टीबी उसळतो. म्हणून आधी टीबीचा विचार करायचा ही आपल्याकडची रीत. आत्याने सहा महिने गोळ्या नेमाने घेतल्या, लघवी केशरी झाली, भूक मेली, खोकला मात्र तसाच. मग मुंबईला नेऊन श्वासनळीतून दुर्बीण घातली, सुईने गाठीतला नमुना काढला आणि २०१९च्या सुरुवातीला सरकाडी आमच्या घरात आली.

स्टेरॉइडने तिला महिनाभरात उभं केलं. खोकला गेला. गाल फुगले, शुगर वाढली आणि भूक तर अशी, की सून भाकऱ्या करता करता दमायची. ‘या गोळीनं मना पोरीसारखी भूक लागते गं बाय,’ असं ती हसून सांगायची. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे तेच महत्त्वाचं ठरायला हवं होतं.

हळूहळू डोस कमी झाला. आजार गेला नाही, गाठीही गेल्या नाहीत, पण त्रासही नव्हता. सार्कॉयडचं असं होतं. पुष्कळांच्या बाबतीत तो आपोआप निवतो, काहींच्या अंगात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसतो.

२०२२च्या पावसाळ्यात, आवणीच्या दिवसांत, तिला पोटात जळजळ सुरू झाली. स्टेरॉइड चालू आहे म्हणजे ॲसिडिटी होणारच. गोळी दिली, आठवडाभर बरं वाटलं. पुन्हा जळजळ, पुन्हा गोळी. यातला धोका मला नंतर एका डॉक्टरांनी समजावून सांगितला. ॲसिड दाबणाऱ्या गोळ्यांनी पोटातल्या कॅन्सरचा त्रासही काही काळ कमी होऊ शकतो. इतकंच काय, कॅन्सरची जखमसुद्धा वरवर भरल्यासारखी दिसू शकते. म्हणजे ‘गोळीने बरं वाटलं’ याचा अर्थ ‘ॲसिडिटीच होती’ असा निघत नाही.

दिवाळीपर्यंत तिला चार घासांत पोट भरल्यासारखं व्हायला लागलं. वजन उतरलं. स्टेरॉइड घेणाऱ्या बाईचं वजन वाढतं. ते उतरतंय, भूक मेलीय, म्हणजे कुठेतरी काहीतरी उलटं चाललंय. पण घरातल्यांना वाटलं, बरं झालं, सूज उतरली! हिमोग्लोबिन आठवर आलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतंच. त्यामुळे काळं झाल्यावर गोळ्यांमुळेच होतंय, असं सगळ्यांनी धरलं. पोटात कुठे रक्त झिरपत असेल तरीही शौचाला काळंच होतं. पाळी जाऊन आठ-दहा वर्षं झालेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईच्या अंगातलं लोह कमी होतंय, तर ते जातंय कुठून, हा साधा प्रश्न. गावाकडे बाईचं हिमोग्लोबिन कमी असण्याची आपल्याला इतकी सवय झालीय, की तो प्रश्न कुणाला पडतच नाही.

थोडं विषयांतर. सार्कॉयड हे नाव १८९९ साली नॉर्वेच्या सेझार बोक नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने वापरलं. कातडीवरच्या गाठीतल्या पेशी त्याला सार्कोमासारख्या, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरसारख्या दिसल्या, पण होत्या निरुपद्रवी. म्हणून ‘सार्कोमासारखा’ या अर्थाने सार्कॉयड. म्हणजे कॅन्सरसारखा दिसतो, ही या आजाराची जन्मापासूनची ओळख आहे. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या रोबेस्पिएरला हाच आजार असावा, असा अंदाज २०१३ साली दोन संशोधकांनी मांडला होता आणि त्याच्यामागून आलेला नेपोलियन तर पोटाच्या कॅन्सरने गेला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दोन्ही आजार एकाच माणसात असते, तर त्या काळच्या वैद्यांनी काय केलं असतं कोण जाणे. आजच्या डॉक्टरांचीही दमछाक होते, ती मी डोळ्यांनी पाहिली.

जानेवारीत उलट्या सुरू झाल्या, तेव्हा आतेभावाने तिला एका खासगी हॉस्पिटलात नेलं. दुर्बीण घातली. जठराच्या घड्या जाड झालेल्या, भिंत ताठ. दोन तुकडे तपासायला पाठवले. रिपोर्ट आला, ग्रॅन्युलोमा. कॅन्सरच्या पेशी नाहीत. घरात पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते! सरकाडीच ती, आता पोटात उतरली. स्टेरॉइडचा डोस वाढवून मिळाला.

हे निदान अगदीच हवेतलं नव्हतं, हेही सांगायला हवं. सार्कॉयड जठरात होऊ शकतो. पचनमार्गात त्याने त्रास होणारे पेशंट शंभरात एकही नसतील, पण जे असतात त्यांच्यात जठराचा नंबर पहिला. तिथे तो अगदी कॅन्सरसारखी सोंगं करतो, भिंत जाड करतो, भूक घालवतो, वजन उतरवतो. आणि त्याहून वाईट म्हणजे उलटंही घडतं. कॅन्सरच्या आसपास, त्याच्याशी जोडलेल्या गाठींमध्ये, शरीर स्वतःहून ग्रॅन्युलोमा तयार करू शकतं. सार्कॉयड नसलेल्या माणसातसुद्धा. म्हणजे तुकड्यात ग्रॅन्युलोमा सापडला, यावरून शेजारी कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही. दोन तुकड्यांवरून तर मुळीच नाही.

वाढवलेल्या स्टेरॉइडने तीन आठवडे तिला खरंच बरं वाटलं. स्टेरॉइडने कुणालाही वाटतं. मग पाण्याचा घोटही पोटात ठरेना.

तेव्हा माझी एंट्री झाली. माझं कर्तृत्व एवढंच, की मी कल्याणला राहते आणि मला इंग्रजी रिपोर्ट वाचता येतात. मास कॉमच्या डिग्रीचा घरात झालेला हा पहिला उपयोग, असं माझे बाबा म्हणतात. आत्याला घेऊन आम्ही मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधीचा रिपोर्ट वाचला, आत्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘मावशी, भाकरी किती खाता?’ आत्या म्हणाली, ‘चतकोर. तीबी पोट बोलंल तर.’ त्यांनी स्टेरॉइडचा डोस बघितला, पुन्हा आत्याकडे पाहिलं. ‘इतक्या डोसवर माणूस चतकोर भाकरी खात नाही. पुन्हा दुर्बीण घालू.’

या वेळी दहा तुकडे घेतले. काही तर एकाच जागी पुन्हा पुन्हा, खोल जात. जठराच्या कॅन्सरचा एक प्रकार अस्तराखालून पसरतो, वरून कातडी बरी दिसते. वरवरचा तुकडा घेतला तर तो निसटतो. साधारणपणे सहा-आठ तुकडे तरी घ्यावेत असा संकेत आहे, तो याचसाठी. नऊ दिवसांनी रिपोर्ट आला. ग्रॅन्युलोमा होतेच, पण खालच्या थरात कॅन्सरच्या पेशीही होत्या. मुद्रेच्या अंगठीसारख्या दिसणाऱ्या, केंद्र एका कडेला ढकललं गेलेल्या. आम्ही मायक्रोस्कोपच्या फोटोत त्या पाहिल्या. दिसायला सुंदर होत्या, काय करणार!

आता पसरलाय किती, हे बघायला पेट स्कॅन. शहापूरच्या माणसाचा पेट स्कॅन म्हणजे काय, ते सांगते. सहा तास पोटात अन्न नको. किन्हवलीहून आसनगावला अंधारात गाडी करून जायचं, पहाटेची लोकल पकडायची, दादरपर्यंत दीड-पावणेदोन तास. तालुक्यातल्या भातसा, तानसाचं पाणी पाइपातून मुंबईला जातं आणि तालुक्यातला प्रत्येक अवघड पेशंटही त्याच दिशेने जातो. स्कॅननंतर आत्याला सांगितलं, अंगात किरणोत्सर्गी औषध आहे, आज काही तास लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहा. संध्याकाळच्या कसारा लोकलच्या लेडीज डब्यात हे कसं पाळायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. आम्ही तीन तास स्टेशनवरच्या बाकावर बसून काढले. त्या औषधातला किरणोत्सर्ग दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, हे मी तिथेच बसून मोबाइलवर वाचलं. आत्या म्हणाली, ‘म्हणजे आता माझी बत्ती अर्धी इझली का?’

पेट स्कॅनची कल्पना सोपी आहे. साखरेसारखं एक औषध टोचतात, ज्या पेशी जास्त भुकेल्या त्या ते जास्त ओढतात आणि स्कॅनवर चमकतात. कॅन्सर भुकेला असतो, म्हणून तो चमकतो. पण जागा असलेला सार्कॉयडही भुकेला असतो. मशीनला भूक कळते, आजाराचं नाव कळत नाही.

आत्याच्या स्कॅनमध्ये छाती दिवाळीसारखी उजळली होती. दोन्ही बाजूंच्या गाठी, मधल्या गाठी, सगळ्या. आणि जठर? अगदी फिकट. अंगठीसारख्या पेशींचा हा प्रकार साखर कमी ओढतो, त्यामुळे पेटवर अनेकदा नीट दिसतच नाही. म्हणजे खरा गुन्हेगार अंधारात उभा आणि जुना पाहुणा फोकसमध्ये. रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं, की छातीतल्या गाठींमध्ये कॅन्सर पसरल्याची शक्यता विचारात घ्यावी.

या एका ओळीवर सगळं अडलं. कॅन्सर छातीपर्यंत गेला असेल तर ती चौथी स्टेज. मग जठर काढण्याचं ऑपरेशन सहसा करत नाहीत. केमो देऊन जितके महिने मिळतील तितके. आणि त्या गाठी जुन्या सरकाडीच्या असतील, तर केमो, ऑपरेशन आणि बरं होण्याची आशा. एकाच फोटोचे दोन अर्थ, आणि त्यावर ठरणार की आत्या पुढच्या वर्षी आवणीला असणार का नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आतेभाऊ एवढंच म्हणाला, ‘आयला, सरकाडी असू दे रे देवा.’ चार वर्षं ज्या आजाराला शिव्या घातल्या, तोच असावा म्हणून आम्ही म्हसोबाला नारळ बोललो. म्हसा आमच्याकडून फार लांब नाही.

डॉक्टरांनी विचारलं, जुना सीटी स्कॅन आहे का?

आत्याकडे होता. शहापूरच्या साडीच्या दुकानाची एक प्लॅस्टिकची पिशवी, आणि तीत २०१८पासूनचा एकूण एक कागद. टीबीची कार्डं, रक्ताच्या चिठ्ठ्या, फिल्मचे मोठे पाकीट, सगळं तांदळाच्या कोठीमागे उंदरांपासून जपून ठेवलेलं. आत्या चौथी शिकलेली. तिला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, पण ‘सायबानं दिलेला कागुद’ टाकायचा नाही, हे तिचं धोरण. आपण मात्र रिपोर्टचा मोबाइलवर फोटो काढतो, मोबाइल बदलला की विसरतो.

२०१९ची ती फिल्म डॉक्टरांनी लाइटवर लावली, शेजारी नवीन स्कॅन. त्याच जागा, जवळपास तेवढाच आकार, दोन्ही बाजूंना सारख्या. जठराचा कॅन्सर छातीत पसरताना असा दोन्हीकडे मोजूनमापून पसरत नाही आणि चार वर्षं एका मापात थांबत तर मुळीच नाही. तरीही त्यांनी फक्त फिल्मवर विश्वास ठेवला नाही, हे मला फार आवडलं. पुन्हा श्वासनळीतून दुर्बीण, सोनोग्राफीच्या मदतीने तीन गाठींना सुई. सगळीकडे ग्रॅन्युलोमा, कॅन्सरची एकही पेशी नाही, टीबीची तपासणीही निगेटिव्ह. मग पोटाला छोटी भोकं पाडून आतून दुर्बिणीने बघितलं, पोटाच्या पडद्यावर कुठे कॅन्सरचे दाणे नाहीत ना. नव्हते.

हे सगळं व्हायला सव्वा महिना गेला. तेवढ्यात आतेभावाच्या किती रजा गेल्या, ते विचारू नका. महात्मा फुले योजनेत केमो आणि ऑपरेशनचा खर्च बसला, पण त्याआधीच्या बहुतेक तपासण्यांचे पैसे खिशातून गेले. एक म्हैस विकली. नातेवाइकांपैकी अर्ध्यांचं म्हणणं होतं, ‘इतक्या सुया कशाला टोचता म्हातारीला, कॅन्सर आहे ते कळलं ना?’ त्यांचंही चुकीचं म्हणता येत नाही. पण त्या सुया टोचल्या नसत्या, तर ती ‘लास्ट स्टेज’ म्हणून घरी आली असती.

ऑपरेशनआधी दोन-दोन आठवड्यांनी चार केमो झाल्या. केस गेले. २०२३च्या पावसाळ्यात जठर पूर्ण काढलं, सोबत आसपासच्या गाठीही. त्या सत्तावीस गाठी पॅथॉलॉजीत एकेक करून कापून पाहिल्या. तीनमध्ये कॅन्सर होता. सहामध्ये नुसते ग्रॅन्युलोमा. बाकीच्या स्वच्छ. एकाच पोटातून, एकाच दिवशी निघालेल्या गाठी! त्या सहा गाठी ऑपरेशनआधी स्कॅनवर कुणालाही कॅन्सरच्याच वाटल्या असत्या, असं सर्जन म्हणाले.

मी हे सगळं इतक्या तपशिलात लिहितेय ते आपल्यापैकी अनेकांच्या घरात ‘जुना आजार’ असलेलं कुणीतरी आहे म्हणून. बाबांचा डायबेटिस, आजीचा दमा, मावशीचा संधिवात. नवीन तक्रार आली की आपण ती जुन्या आजाराच्या खात्यात जमा करून टाकतो. चार घासांत पोट भरतंय, वजन उतरतंय, रक्त कमी होतंय, गिळताना अडकतंय, उलट्या थांबत नाहीत, यातलं काहीही असेल तर गोळीची तिसरी स्ट्रिप आणू नका. दुर्बीण घालायला लावा. पाच-दहा मिनिटांचं काम असतं, घशाला फवारा मारतात, कसंतरी होतं, पण होऊन जातं. आणि आधीचे रिपोर्ट सोबत न्या. सगळे. तुमच्या दृष्टीने बिनकामाचे असले तरी.

आत्या आता दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खाते. जठर नाही, त्यामुळे बी-१२ जेवणातून अंगात शोषलं जात नाही. त्याचं इंजेक्शन ठरलेल्या दिवशी घ्यावं लागतं, आयुष्यभर. त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही, गावाजवळच सिस्टर देतात. भाकरी तिला अजून जड जाते, पेज चालते. सुक्या जवळ्याची आठवण काढून ती सुनेला छळते. म्हैस परत घेतलेली नाही.

दर काही महिन्यांनी स्कॅन असतो. गेल्या वेळी स्कॅन सेंटर नवीन होतं, डॉक्टरही नवीन. रिपोर्टमध्ये पुन्हा तीच ओळ, छातीतल्या गाठींमध्ये कॅन्सर पसरल्याची शक्यता. आतेभावाने फोनवर मला ते वाचून दाखवलं. आवाज अजिबात कापला नाही त्याचा. मग तो म्हणाला, ‘थांब, काउंटरवरच आहे. साडीची पिशवी आणलीय.’